आता चार झाले

सिनेमातल्या शास्त्रज्ञांवर माझा फार जुना राग आहे. ते बाटल्यांवर काही लिहीत नाहीत. जग बुडवणारं औषध असो नाहीतर मेलेल्याला उठवणारं, निळं पाणी आपलं बुडबुडत असतं. त्यावर ना तारीख, ना नंबर, ना करणाऱ्याची सही. आणि शास्त्रज्ञ महाशय तोंडाला फडकं न लावता त्याच्यावर वाकून खदाखदा हसतात. आमच्याकडे असं कुणी हसलं तर मोठ्या मॅडम त्याला दुसऱ्या दिवशी दारातही उभं करणार नाहीत.

आमच्याकडे म्हणजे रोपांच्या प्रयोगशाळेत. एका जातिवंत केळीचा कोंब आणायचा, धुऊनपुसून स्वच्छ करायचा, काचेच्या बाटलीत जेलीसारख्या अन्नावर ठेवायचा. त्याला बाजूनं फुटवे आले की चिमट्यानं बाहेर काढायचा, पात्यानं कापून तुकडे करायचे आणि एकेक तुकडा एकेका नव्या बाटलीत. ते वाढले की पुन्हा कापायचे. एका कोंबाची हजारो रोपं, सगळी एकाच पिंडाची. जगात याला क्लोनिंग म्हणतात, त्यावर सिनेमे निघतात, वाद झडतात. आम्ही याला "आजचं काम" म्हणतो.

हे काम ज्या कपाटापुढे बसून करायचं त्याला लॅमिनार म्हणतात. त्यातून गाळलेली हवा सारखी अंगावर येत असते. तिथे बोलायचं नाही, खोकायचं नाही, उसासाही टाकायचा नाही, कारण श्वासातला एक कण बाटलीत पडला की बुरशी आलीच. इतकी वर्षं तिथे बसून माझा आवाज असा झालाय की घरी "पाणी दे" म्हटलं तरी लोक विचारतात, काही वाईट बातमी आहे का.

सगळं बोलणं जेवणाच्या सुट्टीत. बाटल्या धुणाऱ्या विभागात आमच्या एक काकू आहेत, त्यांनी यंत्रमानव, परग्रहवासी, क्लोन असलेला एकही सिनेमा सोडलेला नाही. डबा उघडायच्या आत त्यांचं सुरू होतं.

"ताई, काल पाहिला त्यात क्लोन शेवटी मालकावर उलटला. उलटतोच! नियम आहे तो."

"काकू, आपण इतकी वर्षं क्लोन करतोय. केळ उलटलंय का कधी कुणावर?"

"साल पायाखाली आली की कळेल."

मी म्हणायची, सिनेमावाले उगाच घाबरवतात. क्लोन म्हणजे काय, मागाहून जन्मलेलं जुळं. ते काही कपडे घालून, केस विंचरून, मालकाच्या आठवणी घेऊन काचेच्या पेटीतून बाहेर येत नाही. आणि वेडा माणूस प्रयोगशाळेत टिकतच नाही; त्याच्या बाटल्या पहिल्याच आठवड्यात सडतील. काकू मान हलवायच्या. "तुम्हाला भीतीच वाटत नाही ताई, म्हणून तुम्हाला मजा येत नाही."

या सुट्टीतल्या गप्पांतही मला एक अडचण असते. सकाळची प्रार्थना झाली की संध्याकाळची प्रार्थना होईपर्यंत खोटं बोलायचं नाही, असं माझं रोजचं व्रत आहे. एकाच दिवसाचं. दुसऱ्या सकाळी पुन्हा नव्यानं घ्यायचं. जन्मभराचं एकदम घ्यायची माझी छाती नाही. त्यामुळे काकूंनी "कसा वाटला माझा नवा चष्मा" विचारलं की मी घास मोठा घेते. संध्याकाळनंतर मोकळीक असते, पण तेव्हा खोटं बोलायचं काम पडत नाही. तेव्हा आम्ही सिनेमा बघतो.

तर अशा आमच्या शांत संसारात एका संध्याकाळी माझी भाची चपला न काढताच घुसली. बहिणीची मुलगी, कामासाठी आमच्याकडे राहते. एका जागी बूड टेकत नाही म्हणून घरात सगळे तिला तुडतुडी म्हणतात. तिला नुकतंच एका सिनेमात सहायकाचं काम लागलं होतं. सहायक म्हणजे चहा कुणाला, छत्री कुणाला, आणि ओरडा सगळ्यांचा हिला.

"मावशी! तुझे हात पाहिजेत!"

"भांडी घासायची आहेत का?"

"अगं, सिनेमात! आमचा सिनेमा पहिल्या क्लोन केलेल्या माणसाचा आहे. नायिका शास्त्रज्ञ आहे, पण तिला चिमटाच धरता येत नाही. भुवया कोरायला बसल्यासारखी धरते. सर म्हणाले, खरे हात आणा. मी म्हटलं, आमच्या घरात आहेत!"

"संगणकावर का नाही करत? हल्ली सगळं करतात म्हणे."

"गर्दी करणार आहोत. एकाच माणसाचे चाळीस करून."

"म्हणजे तुमच्याकडेही आमचंच काम चालतं."

ती आधी हसली, मग माझ्या शेजारी बसली. तुडतुडी बसली म्हणजे काहीतरी गंभीर. परवा तिनं सामानाची गाडी चुकीच्या पत्त्यावर पाठवली होती आणि सगळे लोक उन्हात ताटकळले. मुख्य सहायकानं तिला सांगितलं होतं, प्रयोगशाळेचा शॉट तू बघ. तो नीट झाला तर राहा, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस.

"आणि नाही राहिले तर आई म्हणणार, बघ, मी सांगत होते. मग मी जन्मभर बँकेत."

बहीण बँकेत आहे आणि तिथे सुखात आहे. पण पोरीचे डोळे असे झाले होते की मी ह्यांना न विचारताच हो म्हणून टाकलं.

शूटिंगला खोलीही आमचीच ठरली, पण मोठ्या मॅडमनी त्यासाठी एकच दिवस दिला. आमची खोली अधूनमधून धुरी देऊन निर्जंतुक करतात, त्याच्या आदल्या दिवशी काम बंद असतं, तो. एकदा धुरी दिली की आत कुणाला पाऊल टाकता येत नाही. म्हणजे जे व्हायचं ते त्याच दिवशी.

तो दिवस! मी तर पहाटेपासूनच जागी होते, आणि काकू काम बंद असूनही आल्या होत्या, केसांना रंग लावून. आमच्या त्या मुक्या पांढऱ्या खोलीत तारांचे विळखे, दिव्यांची झाडं, दहा-बारा माणसं, आणि सगळी मोठ्यानं बोलणारी. मला वाटलं भिंती दचकतील. काकू दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला टोपी आणि बुटांवरचं प्लास्टिक चढवायला लावत होत्या. नायिकेलाही सोडलं नाही. कॅमेरावाला म्हणाला, "काकू, आज तर बाटल्या रिकाम्या आहेत." काकू म्हणाल्या, "बाटल्या रिकाम्या आहेत, शिस्त भरलेली आहे."

मग एक मुलगा छातीशी पेटी धरून आला. वस्तू बनवणारा कलाकार. त्यानं पेटी उघडली तसे सगळे भोवती गोळा झाले. काचेच्या बरणीत, जेलीवर, बोटाच्या पेराएवढं काहीतरी होतं. अर्धपारदर्शक, वाटाण्याच्या कोंबासारखं वळलेलं, आत बारीक लाल धागे. मऊ रबराचं होतं, पण बघताना आपला श्वास त्याला लागू नये असं वाटत होतं.

"हाच पहिला माणूस," तो मुलगा म्हणाला. "एकच आहे. दुसरा तसा जमलाच नाही."

काकूंनी बरणी डोळ्यांजवळ नेली. "अगदी आपल्यासारखाच कोंब की हो, ताई!"

मलाही तसंच वाटलं होतं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दिग्दर्शक उंच, कमरेत वाकून बोलणारे गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी मला लॅमिनारपुढे बसवलं, काय काय करता ते विचारलं. मी सांगत होते आणि ते माझ्या हातांकडे न बघता माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"तुम्ही नेहमी असंच बोलता?"

"असं म्हणजे?"

"पाळण्यात बाळ झोपलंय आणि ते उठू नये, असं."

"आत मोठ्यानं बोललं की बुरशी लागते."

ते टाळी वाजवून वळले. "तुडतुडी!" घरचं नाव तिथेही पोचलं होतं. "नायिकेचं ते वाक्य काढ. ते या बोलतील. चेहरा फडक्यात, फक्त डोळे आणि हा आवाज. आरडाओरडा करणारे शास्त्रज्ञ लोकांनी खूप पाहिले."

भाचीनं कागद आणून दिला. तिचे गाल लाल झाले होते, आनंदानं. वाक्य असं होतं: आजवर जे त्याच्या हातात होतं, ते आता माझ्या हातात आहे.

"त्याच्या म्हणजे?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"देवाच्या गं," भाची हळूच म्हणाली, आणि मग तिलाही कळलं. "मावशी, नको ना. आज नको."

मी सरांकडे गेले. "हे वाक्य मला बोलता येणार नाही."

"पाठ होत नाही?"

"पाठ झालंय. पण ते खरं नाही. आणि माझं दिवसभर खोटं न बोलायचं व्रत असतं."

मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. स्टुल ओढून समोर बसले.

"मावशी, खोटं कशाला म्हणायचं? समोरचा फसला तर. इथे माणूस आपणहून तिकीट काढून, दिवे विझवून बसतो. त्याला ठाऊक असतं की हे रचलेलं आहे. दोघांच्या संमतीनं चाललेलं ते. फसलं कोण?"

ते मलाही पटलं. गेल्याच आठवड्यात सिनेमात बॅटरी संपून एक यंत्रमानव गेला तर मी अख्खा रुमाल ओला केला होता. तेव्हा मी काही म्हटलं नव्हतं, की अहो, हा पत्र्याचा आहे. "पण ते ऐकणं झालं," मी म्हटलं. "बोलणं वेगळं. बोललेलं आपल्याच तोंडात राहतं."

सरांनी मान डोलावली. "मी तुम्हाला जबरदस्ती करणार नाही. पण मला हे वाक्य याच आवाजात हवंय. नसेल तर हा प्रसंगच मला पुन्हा लिहायला लागेल, आणि ही खोली उद्या मिळणार नाही." बोलले मऊपणानंच. पण मागे मुख्य सहायक हाताची घडी घालून भाचीकडे बघत होता, आणि त्या बघण्यात काही मऊ नव्हतं.

मी ह्यांना फोन केला. ह्यांना कुठलीही शंका आली की हे स्वतः विचार करत नाहीत, हातातल्या दुसऱ्या फोनला विचारतात. "थांब हं," म्हणाले. मग मला ऐकू आलं, "नटानं बोललेलं खोटं पाप असतं का?" थोड्या वेळानं एक गोड बाई बोलली, "तुमच्या जवळची नाट्यगृहं दाखवत आहे."

"ऐकलंस?" हे म्हणाले. "दोन आहेत."

मी फोन ठेवला आणि वळले तर तुडतुडी समोर. जागच्या जागी उड्या मारत.

"मावशी! तुझं व्रत कधी संपतं?"

"संध्याकाळच्या प्रार्थनेला."

"मग शॉट प्रार्थनेनंतर घेऊ! आधी नायिकेचे सगळे उरकू, कॉरिडॉर उरकू, तुझं शेवटी! तेव्हा तुला सुट्टी असते ना? असते ना?"

व्रत मीच घेतलं होतं, वेळ मीच ठरवली होती, आणि त्यात ही फट आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. दिवसभर मी खोटं बोलू शकत नव्हते, म्हणून "नाही, सुट्टी नसते" असंही म्हणता येईना.

"असते," मी म्हटलं.

तिनं मला घट्ट मिठी मारली आणि धूम ठोकली. पुढे दुपारभर पोरीनं त्या सगळ्या लोकांना असं पळवलं की मुख्य सहायकही घामाघूम झाला. वेळापत्रक उलटं झालं, दिवे इकडचे तिकडे गेले, नायिकेनं दोन शॉट एका दमात दिले. काकूंनी बाटल्यांच्या ट्रॉलीवरून सगळ्यांना चहा फिरवला. मी कोपऱ्यात बसून वाक्य घोकत होते. आजवर जे त्याच्या हातात होतं. आजवर जे. प्रत्येक वेळी 'त्याच्या'पाशी मी अडायची, आणि प्रत्येक वेळी भाची समोरून पळत जाताना अंगठा दाखवायची.

संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत मी प्रार्थना केली. रोजच्यापेक्षा जरा लांबली. उठले तेव्हा व्रत संपलं होतं. मोकळी होते मी. काहीही बोलू शकत होते.

टोपी, फडकं, हातमोजे. लॅमिनारची हवा चालू झाली, तिचा तो ओळखीचा घुमणारा आवाज. समोर चिमटा, पातं, स्पिरिटचा दिवा, शोभेसाठी मांडलेल्या नव्या बाटल्या, आणि ती बरणी. सर वाकून म्हणाले, "झाकण उघडा, त्याला बाहेर काढा, ताटलीत ठेवा, मग वर बघून बोला. घाबरू नका. हातांनी रोज करता तसंच करा. हातांचा विचारच करू नका, लक्ष वाक्यावर ठेवा."

मी त्यांचं अक्षरशः ऐकलं.

ते "ॲक्शन" म्हणाले आणि माझं सगळं लक्ष वाक्यावर गेलं. बोलायचं का? बोलायचंच. पोरीसाठी. पण "त्याच्या" म्हणताना मनात काय धरायचं? दुसऱ्या कुणाचं नाव धरलं तर? शेजाऱ्याचं? म्हणजे शेजाऱ्याच्या हातात होतं ते माझ्या हातात आलं, ते चालेल का? असे काहीबाही विचार चालले होते, आणि हात आपले काम करत होते. बरणीचं तोंड ज्योतीवर फिरवलं. चिमटा तापवला, निववला. कोंब बाहेर काढला, ताटलीत ठेवला. बुडाशी जरा जास्तीचं होतं, ते खरवडून टाकलं. पातं उभं लावलं, मग आडवं. एक तुकडा पहिल्या बाटलीत, दुसरा दुसऱ्या, तिसरा, चौथा. झाकणं. खिशातून मार्कर. तारीख, नंबर, सही.

मार्करचं टोपण लागल्याचा टक् आवाज झाला आणि मी वर पाहिलं.

कुणी हलत नव्हतं. कॅमेरा माझ्यावर होता. त्याच्यामागे तो वस्तू बनवणारा मुलगा दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता, तोंड उघडं. त्याच्या बाजूला तुडतुडी, पांढरीफटक, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्थिर.

मी खाली ताटलीकडे पाहिलं. मग बाटल्यांकडे. काय झालंय ते मला पायापासून वर चढत चढत कळलं. वाक्य बोलायला हवं होतं. सगळे त्याचीच वाट बघत असणार. मला त्यातला एक शब्द आठवेना. तोंडातून निघालं ते एवढंच, माझ्या नेहमीच्या आवाजात:

"आता चार झाले."

"कट," सर म्हणाले. तेही हळूच.

मग जो गलका झाला! मुख्य सहायक ओरडत होता, तो पुढचा प्रसंग, इस्पितळातला, त्याचं काय, एकच होता तो, एकच! मुलगा बाटली प्रकाशात धरून आपल्या पहिल्या माणसाचा पाव हिस्सा बघत होता आणि म्हणत होता, "मावशी, सही का केलीत? निदान सही तरी का केलीत?" मी माफी मागत होते, पण माझा आवाज त्या गोंधळात कुणापर्यंत जाणार! भाचीनं स्वतःहून गळ्यातलं ओळखपत्र काढायला सुरुवात केली होती. मला ते दिसलं आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

"तुला सुट्टी होती ना गं, मावशी," ती म्हणाली. रागानं नाही, नवलानं. "खोटं बोलायची सुट्टी होती. आणि तू मोजून सांगितलंस."

इतक्यात दारातून काकू गरजल्या, "तिसरी जाणार!"

सगळे वळले.

"तिसऱ्या बाटलीचं झाकण ताईंनी ज्योतीवर धरलंच नाही! माझं लक्ष होतं! तिसऱ्याला बुरशी लागणार, लिहून घ्या!"

सर लॅमिनारपाशी आले, चारही बाटल्या ओळीनं लावल्या. "मावशी, यातला पहिला कुठला? मूळचा?"

"मूळचा असा उरत नाही, सर. चौघे तोच."

"आणि तुम्ही कापताना थांबला नाहीत."

"नाही."

"एकदाही नाही. मी मोजत होतो, म्हटलं आता थांबतील." त्यांचे डोळे चमकत होते. "माझ्या सिनेमात शास्त्रज्ञ बाई पहिल्या माणसापुढे थरथरते, रडते, देवाचं नाव घेते. मी दोन वर्षं ते लिहितोय. आणि इथे एक भली बाई, प्रार्थना करून आलेली, बसते आणि चहाला आधण ठेवावं तसं... माझ्या अंगावर काटा आला हो! हा बघा!" त्यांनी बाही वर केली.

त्यांना आनंदाचा काटा आला होता. मला दुसराच आला. तो तुकडा रबराचा आहे हे मला माहीत होतं; माझ्या हातांना कुठे माहीत होतं? त्यांना कोंब दिसला, त्यांनी कापला. सकाळी जो बघून श्वास रोखला होता तोच. मी इतकी वर्षं काकूंना सांगत होते की वेडा माणूस प्रयोगशाळेत टिकत नाही. खरंच आहे. वेडा लागतच नाही. सवयीचे हात असले, आणि डोकं दुसरीकडे असलं, की पुरे.

मी सरांना तसं सांगितलं. सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की त्यांना आणखी वाकावं लागलं.

"हेच," ते म्हणाले. "वाक्य राहू दे. त्या वाक्याची आता गरज नाही." मग सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं, "इस्पितळात चार पाळणे लागतील! चार! आणि काकू, त्या तिसऱ्याचं काय म्हणालात ते जरा इकडे येऊन नीट सांगा!"

काकू टोपी सारखी करत अशा निघाल्या की जणू इतकी वर्षं बाटल्या त्यांनी याच हाकेसाठी धुतल्या होत्या.

मुख्य सहायक अजून कुरकुरत होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही, भाचीकडे पाहिलं. "ओळखपत्र हातात काय घेतलंयस? घाल गळ्यात. उद्या सकाळी सहाला ये. चार पाळणे एकसारखे शोधायचेत, आणि पत्ता नीट लिहून घे या वेळी."

तुडतुडी पुन्हा उडू लागली. तिनं मला उचललं. खरंच उचललं, स्टुलासकट जवळजवळ. त्या मुलालाही हसू आलं शेवटी. त्यानं एक बाटली मागून घेतली, सही असलेली.

धुरीनंतर आमची खोली पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी लॅमिनारपुढे बसले, कोंब बाहेर काढला, पातं उचललं आणि थांबले. एक श्वास. त्याला पाहिलं. मग कापलं. तेव्हापासून रोज असंच चाललंय. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "हल्ली तुमच्या बाटल्या थोड्या कमी भरतात." मी म्हटलं, "हो, मॅडम." दुसरं काय म्हणणार, सकाळची वेळ होती.

सिनेमा लागला तेव्हा सरांनी आम्हा सगळ्यांना दुपारच्या खेळाला बोलावलं. अंधार झाला. दोन डोळे पडद्यावर आले, एवढे मोठे की मी माझे मिटून घेतले. मार्करचं टोपण टक्कन लागलं. "आता चार झाले." अख्ख्या थिएटरात कुणी पॉपकॉर्न चावत नव्हतं. भाचीची नखं माझ्या मनगटात रुतली होती. आणि तिसरा पोरगा, अशक्त, काचेला गाल लावून बसणारा, तो जेव्हा जातो, तेव्हा मी अशी रडले की पुढचा माणूस वळून बघू लागला. त्याचं झाकण माझ्याच हातून राहिलं होतं.

बाहेर दारात सर उभे, येणाऱ्या प्रत्येकाला विचारत. मला बघून त्यांनी आधी आकाशाकडे पाहिलं. ऊन लख्ख होतं.

"मावशी, अजून संध्याकाळ झाली नाही ना?"

"मावशी, चल, उशीर होतोय," भाची मला ओढू लागली.

"कसा वाटला?"

"मधला भाग लांबला," मी म्हटलं. भाचीनं कपाळाला हात लावला. "नायिकेचं फडकं सबंध सिनेमाभर हनुवटीवर होतं. आणि ती हळू बोलणारी बाई आली की मला भीती वाटली."

"खरोखर वाटली?"

"अजून वाटतेय."

सर इतके खूश झाले की त्यांनी माझे दोन्ही हात धरले, मग दचकून सोडले, आणि आम्ही सगळेच हसलो. मागून काकू गर्दीतून वाट काढत येत होत्या, चष्मा कपाळावर, डोळे रडून लाल, चेहरा नुसता उजळलेला.

"ताई! बाटल्यांवर नंबर होते! पाहिलंत का? तारखेसकट! इतके सिनेमे पाहिले मी, पहिल्यांदा बाटल्यांवर नंबर होते!"